एकवीस रुपये हाली

शहागडच्या शाळेत कांताबाईंनी अकरा वर्षं पहिली-दुसरीचे वर्ग घेतले. चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात अंबडला बदली झाली, तेव्हा त्यांनी आणि सर्जेरावांनी राहतं घर विकायचं ठरवलं. सर्जेराव गवंडी माणूस. सडकेच्या कडेचं ते तीन खोल्यांचं दगडी घर त्यांनी स्वतःच्या हातानं बांधलेलं. गिऱ्हाईकही घर शोधत आलं. ट्रकच्या टायरांचं काम करणाऱ्या वसंतानं नऊ हजार कबूल केले आणि हातावर विसार ठेवला.

घर त्यांचं होतं, पण घराखालची जागा गावचे जमीनदार अण्णासाहेब यांची. सासऱ्यांनी, कडूबांनी, निजामाच्या अमलात ती नव्याण्णव वर्षांच्या पट्ट्यानं घेतली होती. दरसाल भुईभाडं न चुकता पोचतं व्हायचं. मात्र घर विकायचं तर जागामालकाची संमती लागायची.

ती मागायला कांताबाई त्यांच्या वाड्यावर गेल्या, तर ओसरीवर दिवाणजी साहेबराव बसलेले.

"चौथाई नजराणा लागंल, बाई. सव्वादोन हजार आणा, जल्दी चिठ्ठी देतो."

"चौथाई कुठं लिहिलीय?"

"लिहायचं काय त्याच्यात? रिवाज हाय. तुळजाबाईनं घर विकलं तवा बिनबोभाट दिली. तुमच्या कागदात बी तेच आसंल."

"आसंल म्हणजे तुम्ही वाचला नाही."

साहेबराव हसले. "उर्दूत हाय तो. आता कोण वाचतंय?"

घरी सर्जेरावांनी सगळं ऐकून घेतलं. "देऊन टाकू, कांता. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?"

"आपण तर पाण्यातून निघालोच आहोत," कांताबाई म्हणाल्या आणि पेटीच्या तळातून पट्टा काढला.

मशिदीमागं हमीद मास्तर राहायचे. जुन्या उर्दू शाळेत त्यांनी उभा जन्म घालवला होता. त्यांनी चष्मा पुसला, कागद दोनदा वाचला आणि अर्थ सांगितला. कांताबाईंनी कागद आपल्याकडं ओढला. मग म्हणाल्या, "मास्तर, मला हे वाचायला शिकवा."

"मी येतो की तुमच्यासंगं."

"तुम्ही वाचलं तर म्हणतील, मास्तरांनी बाईच्या सोयीचं वाचलं. माझ्या घराचा कागद मलाच वाचता आला पाहिजे."

शाळेला सुट्टी होती. शेकडो पोरांना हात धरून गिरवायला लावलेल्या कांताबाई रोज सकाळी मास्तरांच्या ओट्यावर पाटी घेऊन बसू लागल्या. सुरुवातीला हात सवयीनं डावीकडूनच निघायचा. मास्तर पाटी पुसून परत द्यायचे. पंधरा दिवसांत अक्षरं ओळखीची झाली. मग दोघं पट्ट्यावर आले आणि एकेक शब्द सोडवत गेले. मधे वसंता येऊन गेला.

"बाई, न्हाई जमलं तर सांगा. मी दुसरी जागा बघून राह्यलो."

"महिना थांब. नाही तर विसार आत्ताच घेऊन जा."

वसंता थांबला.

महिन्यानं त्या पुन्हा ओसरीवर गेल्या. या वेळी स्वतः अण्णासाहेब तिथं होते. कांताबाईंनी कागद उलगडला आणि बोट ठेवून उजवीकडून वाचायला सुरुवात केली. आवाज वर्गात असतो तसा, खणखणीत. "पट्टेदार मकान बेचे तो मालिक बिला वजह इनकार न करेगा. नजराना इक्कीस रुपये हाली."

साहेबरावांनी मालकाकडं पाहिलं. अण्णासाहेबांनी हात पुढं करून कागद घेतला. त्यांचं शिक्षण निजामाच्या काळातलं, उर्दूतलं. त्यांनी सगळा मजकूर मनातल्या मनात वाचला आणि खालच्या सहीपाशी थबकले. सही त्यांच्या वडिलांची होती.

"कुठं शिकलात, बाई?"

"इथंच. हमीद मास्तरांकडं."

"एक उच्चार चुकला. बाकी बराबर वाचलं." त्यांनी कागद परत दिला. "मंग साहेबराव, ही चौथाई कुठून आली?"

साहेबराव मान खाली घालून म्हणाले, "तुमीच सांगितल्तं, मालक. थोरले मालक गेले त्या साली."

अण्णासाहेबांनी साहेबरावांकडं पाठ केली. मग कांताबाईंना विचारलं, "निजामाचा हाली रुपया तर बंद झाला. आता कसा हिशोब करता?"

"सात हालीला सहा सरकारी, असा बदलून मिळायचा. एकवीसचे अठरा होतात." कांताबाईंनी अठरा रुपये रुमालातून काढून पुढं ठेवले.

अण्णासाहेबांनी संमतीवर सही केली. बाईंना चहा मात्र विचारला नाही.  रस्त्यात कुणाच्या तरी बांधावर कांताबाई थोडा वेळ टेकल्या, पदरानं तोंड पुसलं आणि तशाच वसंताच्या दुकानावर गेल्या.

गावात ही गोष्ट लपली नाही. सामान बांधायचं चाललं होतं, तेव्हा तुळजाबाई आपल्या विकलेल्या घराचा जुना पट्टा घेऊन आली. तिच्याही कागदात एकवीसच होते. तिनं फक्त विचारलं, "मंग मी दिले ते?" कांताबाईंनी तिला खोटी आशा दाखवली नाही, तिच्याजवळ बसून पैसे परत मागणारा अर्ज लिहून दिला. दुसऱ्या दिवसापासून माणसं येऊ लागली, घडीवर फाटलेले कागद घेऊन. कांताबाई वाचायच्या, अडलं तिथं हमीद मास्तर सांगायचे, आणि शेजारी बसून त्या प्रत्येकाला देवनागरीत नक्कल उतरवून द्यायच्या. अंबडला निघेपर्यंत चौदा नकला झाल्या.

तुळजाबाईचे पैसे काही परत आले नाहीत. पण पुढच्या साली सडकेवरची आणखी दोन घरं विकली गेली, आणि दोन्हींची चिठ्ठी साहेबरावांनी अठरा-अठरा रुपयांत दिली.