पायरीवर टाकलेला दिवा

गुहेत उतरताना डोक्याला बांधायचे आमचे दिवे शिवाजीनगरातले टॉर्च दुरुस्त करणारे अण्णा बदलून द्यायचे. जुना बल्ब काढून नवा पांढरा एलईडी बसवायचे. त्या दिवसांत तो नवलाचाच होता. घाई केली की आपल्या कानडी वळणाच्या मराठीत "स्वल्प थांबा," एवढंच म्हणायचे. काम झालं की दिवा पेटवून माझ्यादेखत दगडी पायरीवर टाकायचे. मी तो उचलायला धावलो की म्हणायचे,

"इथं फुटला तर मी आहे. आत कोण आहे?"

एकदा गुहेत तो दिवा डोक्यावरून निसटला, खडकांवर आपटत खाली गेला आणि तिथं जळत राहिला. त्याच्याच उजेडात मी खाली उतरलो.

हे सांगायला दुकानात गेलो. अण्णांनी सगळं ऐकलं, "सरी", म्हणजे ठीक, एवढंच म्हणाले, आणि दिवा पेटवून पुन्हा पायरीवर टाकला.