पूजेला मांडलेली डिस्क

ती घटना माझ्या निवृत्तीच्या आदल्या वर्षातली, पण आठवली की अजून मान खाली जाते.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एका कंपनीचे मॅनेजर पनवेलच्या आमच्या ठाण्यात धावत आले. त्यांचं कंटेनरचं यार्ड जासईला, सर्व्हर मात्र पनवेलच्या ऑफिसात. कुठला कंटेनर कोणाचा, याच्या जुन्या नोंदी आदल्या दुपारी सर्व्हरवरून पुसल्या गेल्या होत्या. यार्डाच्या गेटवर ट्रेलर खोळंबले होते. मॅनेजरांनी लॉगचा, म्हणजे सर्व्हरवर कोणी कधी काय केलं याच्या नोंदीचा, कागद टेबलावर ठेवला. पुसणाऱ्याचं नाव त्यात स्पष्ट होतं : दोन महिन्यांपूर्वी भांडून नोकरी सोडलेला, त्यांचा डेटाबेस सांभाळणारा माणूस.

नाव मिळालं, कारणही मिळालं. मला आणखी काय हवं होतं? मी स्वतः जीप घेऊन करंजाडे गावठाणात गेलो आणि देवळापुढे बसलेल्या लोकांदेखत त्याला उचलून आणलं. चार दिवसांनी तो आखातात नोकरीला जाणार होता. गुन्हा नोंदला असता, तर ती नोकरी गेलीच असती.

चौकशीत त्याचं एकच म्हणणं. "सायब, मी काल घरान व्हतो. ता काम माजी स्क्रिप्ट करते. मी नसलो तरी करते."

"म्हणजे तूच केलंस की!"

त्याने कपाळावर हात मारला आणि हवालदाराकडून कागद मागून लिहून दाखवलं. रोज दुपारी दोन वाजता सर्व्हरने त्याच्या नावाने आपोआप पाळायचे हुकूम होते ते : नोंदींची प्रत बाहेर जोडलेल्या डिस्कवर घे, मग डिस्कवर जा, तिथल्या आठवड्याहून जुन्या फाइली पूस.

मी लॉगची आधीची पानं मागवली. रोज बरोबर दोनच्या ठोक्याला, सेकंदाचाही फरक नाही, त्याचं नाव. रविवारी, गणपतीत, नोकरी सोडल्यावरसुद्धा. उभ्या नोकरीत हजेरीला इतका वेळेवर आलेला माणूस मी पाहिला नाही, मी धरून.

"मग कालच का बिघडलं?"

"डिस्कच नसंल तर ती जाल कुठं? हाय तिथंच रानार, आन तिथलाच पुसनार. पन डिस्क कोन कारल?"

दसऱ्याला आमच्या ठाण्यातही बंदुका कपाटातून काढून पूजेला मांडतात. मला एकदम ते आठवलं. मॅनेजरांना विचारलं, "काल पूजेला काय काय मांडलं होतं?" त्यांनी हौसेने मोबाइलवर फोटो दाखवला. पाटावर कीबोर्ड, स्टेपलर आणि झेंडूच्या हाराखाली, हळदकुंकू लावलेली ती डिस्क!

त्या डिस्कवर दसऱ्याच्या आदल्या दिवसाची प्रत सुखरूप होती. त्यानेच ऑफिसात जाऊन नोंदी परत आणल्या आणि स्क्रिप्टमध्ये एक ओळ वाढवली : डिस्क सापडली नाही तर थांब. "ही पयलीच टाकाला पायजे व्हती. चूक माजी हाय," तो म्हणाला. मला फार ओशाळल्यासारखं झालं. लॉगमधलं नाव पाहून थांबायला हवं होतं ते मी.

संध्याकाळी त्याला सोडायला जीप मागच्या वाटेने नेली. दारात त्याची आई उभी होती.

"नेताना सगल्या गावानं बगला सायब," ती म्हणाली. "आता सोरताना कोन बगनार?"

नाव सापडलं म्हणजे माणूस सापडत नाही, हे मी पुढे नव्या पोरांना बरेचदा सांगितलं. पण शिकलो तिथे, त्या दारात. जीप तिथेच ठेवली, त्याला बरोबर घेऊन देवळापर्यंत चालत गेलो आणि कट्ट्यावरच्या सगळ्यांसमोर टोपी काढली.

"याने काही केलेलं नाही," मी म्हणालो. "गुन्हा माझ्याकडून झाला."