नानांचा मास्टर पासवर्ड

पासवर्डचे किस्से आपोआप साठतात. पेणला रामवाडीत आमच्या गणपतीच्या कारखान्यात मी ऑर्डरी बघते, म्हणजे मालक, आमचे नाना, विसरतील तेवढं लक्षात ठेवते. त्यातलेच हे काही.

*

आधी सगळे पासवर्ड कॉम्प्युटरमागच्या भिंतीवर होते, तांबड्या रंगात, ठळक. सीझनआधी नानांनी भिंतीला चुना मारून घेतला. मी कपाळावर हात मारला. नाना शांतपणे म्हणाले, "आता चोरालाबी गावायचे नाय."

*

मग त्यांच्या मुलीने पुण्याहून येऊन पासवर्ड मॅनेजर टाकून दिला. सगळे पासवर्ड, ऑर्डरींची यादीसुद्धा त्या ॲपच्या आत बंद, लक्षात ठेवायचा एकच मास्टर पासवर्ड. तोही नको असेल तर फोनवर बोट टेकवा. नानांनी टेकवलं. फोन ओळखेना! आयुष्यभर मूर्तींना पॉलिश पेपर मारून बोटांवरच्या रेषाच झिजल्यात त्यांच्या.

"इतके देव घडवले गो ह्या हातांनी, नि हा इचारतोय तू कोण."

*

म्हणून मास्टर पासवर्ड. तो नाना शेडच्या दुसऱ्या टोकावरून मला ओरडून सांगायचे. एकदा एक आकडा गाळला, तर मूर्ती ठरवायला आलेल्या जिते गावच्या एका बाईंनी आठवण करून दिली, "नाना, शेवटी सात हाय ना?"

त्याच दिवशी पासवर्ड बदलला.

*

नवा पासवर्ड नानांनी कुणालाच सांगितला नाही. आमच्याकडे मूर्तीच्या बैठकीखाली पेन्सिलीने गिऱ्हाइकाचं नाव लिहितात. तिथेच, एका मूर्तीखाली, त्यांनी तो लिहून ठेवला. "कोन बघतंय तिथं?" खरंच कुणी बघितलं नाही. चतुर्थीच्या आदल्या दिवशी ती मूर्ती रोह्याच्या पाटीलकाकांकडे गेली.

चतुर्थीला दुपारी मॅनेजरने पासवर्ड मागितला आणि नानांना आठवेना. नवरात्रातल्या देवींच्या सगळ्या ऑर्डरी आत अडकलेल्या, कुणाची देवी किती फुटी, साडी कुठल्या रंगाची. मास्टर पासवर्ड कुणालाच परत काढून देता येत नाही, असं मुलीने फोनवर सांगितलं. मी पाटीलकाकांना फोन लावला, जरा मूर्ती कलती करून खाली बघता का?

"प्रतिष्ठा झाली. आता उत्तरपूजेपर्यंत देव हलवायचा नाय. तुमचे नानाच सांगतात ना?"

नाना म्हणाले, "बरोबर हाय त्यांचं."

पाचव्या दिवशी उत्तरपूजा आटोपता आटोपता आम्ही दोघं रोह्याला पोचलो. मी वही-पेन काढून तयार. नानांनी मूर्तीला हात लावला आणि मागे घेतला. "ऱ्हाऊ दे. ऑर्डरी परत इचारू सगळ्यांना."

"अवो नाना, उत्तरपूजा झाली," काका म्हणाले. "आता ही नुसती मूर्ती हाय."

"मग तुमची नात रडत्ये कशाला?"