मांदेलीची बरगडी

वेसाव्याच्या अंजनाबाई चार बंगल्याच्या बाजारात मासळी विकायच्या. नवरा हरेश्वर होडीवर जायचा आणि प्यायला की हात चालवायचा. कधी बायकोचं डोकं भिंतीवर आपटायचा, कधी केस धरून ओसरीवर ओढायचा. गल्लीला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

मूलबाळ नव्हतं. एक पिवळं मांजरीचं पिल्लू टोपलीमागून घरी आलं, त्या सोनेरी माशावरून त्याचं नाव मांदेली पडलं. जनावरांची डॉक्टर गंधाली बाजारामागेच बसायची. पहिल्या लसीला दोन महिन्यांची मांदेली अंजनाबाईंच्या मनगटात दात रुतवून लोंबकळली. सहाव्या महिन्यात नसबंदीचं ऑपरेशन करून घेतलं, नाहीतर तिच्यापायी बोके दारात एकमेकांचे कान फाडायचे. मग दरवर्षी रेबीजची सुई, जंताचं औषध, दातांची तपासणी. दहा वर्षं उलटल्यावर गंधाली म्हणाली, "म्हातारी झाली आता, मावशी. दर सहा महिन्यांनी रक्त तपासायचं, किडन्या बघायच्या."

अशाच एका तपासणीला कुशीला बोट लागताच मांदेली किंचाळली.

"बरगडी मोडलीय. लाथ कोणी मारली?"

"लाथ माझ्यासाठी होती," अंजनाबाई म्हणाल्या. "मी वळले, ही मधे आली."

गंधालीचा हात थांबला. "आणि तुम्ही स्वतःला कधी दाखवलंत कुणाला?"

अंजनाबाईंनी मांदेलीला पिशवीत घातलं आणि निघाल्या. मांजरीला इतकी वर्षं न चुकता डॉक्टर, आणि आपल्याला एकदाही नाही. घरी पोचेतो त्यांचं डोकं भणभणत होतं.

हरेश्वर ओसरीवरच होता. "मांजराचे लाड करतेस, रांडे!" म्हणत त्याने मांदेलीच्या पिशवीवर पाय उचलला. अंजनाबाईंनी मासळी कापायचा कोयता उचलून उलटा धरला आणि त्याच्या नडगीवर हाणला. हाड कडकन वाजलं. पडता पडता त्याने त्यांची वेणी ओढली, दोघं ओसरीवर सांडलेल्या मासळीच्या पाण्यात लोळले. दुसरा घाव त्याच्या खांद्यावर बसला. तिसऱ्याला त्यांनी कोयत्याची धार पुढे केली, तेवढ्यात शेजारच्या लतानं त्यांचं मनगट धरलं.

"मरेल तो, अंजना! सोड!"

"मग याला इथून ने. इथं ठेवलंस तर मारीनच."

हरेश्वर पायाला प्लास्टर घालून दहिसरला भावाकडे गेला. बायकोनं मारलं हे सांगायची लाज वाटून त्याने पोलिसांतही तक्रार केली नाही. अंजनाबाईंनी सरकारी दवाखान्यात छातीचा फोटो काढून घेतला, तेव्हा दोन बरगड्या वाकड्याच जुळलेल्या निघाल्या.

मांदेलीची बरगडी जुळत आलीय. तो परत आलेला नाही. तरी दार वाजलं की मांदेली फळीखाली शिरते आणि अंजनाबाईंचा हात कोयत्याकडे जातो.