पालथं झोपण्याची रंगीत तालीम

मी भूलतज्ज्ञ आहे. कमरेच्या मणक्याचं ऑपरेशन रुग्णाला पालथं झोपवून करतात आणि माझ्या मते नीट पालथं झोपवणं हेच निम्मं ऑपरेशन. सर्जनना हे मान्य नाही. ते तोंडावर तसं म्हणत नाहीत, नुसते घड्याळाकडे बघतात. माझा एक हट्ट आहे: आदल्या दिवशी रुग्णाला जागेपणीच उशांवर पालथं घालून बघायचं. जागा माणूस कुरकुरतो, भूल दिलेला कुरकुरत नाही, एवढं साधं कारण. वॉर्डातल्या सिस्टर्स याला मॅडमची रंगीत तालीम म्हणतात आणि मी दिसले की न सांगता उशा काढतात.

गेल्या थंडीत एक काका आले. मंडईजवळच्या एका बोळात बसून रफू करणारे. जन्मभर मांडी घालून काम केलेलं आणि आता जरा वेळ बसलं की कमरेपासून पोटरीपर्यंत कळ जायची. मी रीतसर चौकशी केली. आणखी कुठे दुखतं का? "नाही." आधी काही मार लागलेला? "नाही." मग त्यांनीच एक प्रश्न विचारला.

"कंबर सुधारेल असं सर म्हणाले. पण डोळे आणि बोटं आहेत तशी परत मिळतील ना? नाहीतर नुसतं बसता येऊन मी करू काय?"

प्रश्न अगदी बरोबर होता. पालथ्या माणसाच्या डोळ्यावर दाब आला तर नजर जाऊ शकते आणि हात वेडावाकडा ताणला गेला तर नस दुखावून बोटं बधिर होतात. मी काही लपवलं नाही. "क्वचित होतं. होऊ नये म्हणून तर मी असते," म्हणाले.

मग तालीम सुरू झाली. छातीखाली उशी, कमरेच्या दोन्ही हाडांखाली उशा, मधे पोट मोकळं. पोट दाबलं गेलं तर मणक्याजवळच्या शिरा फुगतात आणि रक्तस्राव वाढतो, हे मी समजावून सांगितलं. "या पोटाला आजवर एवढा मान कोणी दिला नव्हता," काका उशीत तोंड ठेवून म्हणाले. शेवटी त्यांचे दोन्ही हात डोक्याच्या बाजूंना वर घेतले. आमच्याकडे बहुतेकांचे तसेच ठेवतात.

"दुखतंय का?"

"कंबर नाही दुखत."

मी खूश होऊन वळले, तेवढ्यात स्टुलावर बसलेल्या काकू म्हणाल्या, "अहो, खांद्याचं सांगा की."

मग काकूंनीच सांगितलं. उजवा हात वर जाऊन वर्ष झालं, यांचे केससुद्धा मीच विंचरते. मी खाली वाकून पाहिलं तर काकांच्या कपाळावर घाम होता आणि दात आवळलेले. घाईघाईने हात खाली घेतला.

"काका, मी विचारलं होतं ना, आणखी कुठे दुखतं का म्हणून?"

"खाली असला की नाही दुखत. तो वर न्यायचाय हे तुम्ही कुठे सांगितलंत?"

असा राग आला म्हणून सांगू, आणि हसूही. विचारलं तेवढंच सांगायचं, हे आमच्या शहराचं व्रतच आहे. माझे वडीलही डॉक्टरकडे याच थाटात बसायचे. पण घरी जाताना रिक्षात खरं काय ते लक्षात आलं. तो आखडलेला खांदा भूल दिल्यावर मुकाट्याने वर गेला असता, तासन्‌तास ताणलेला राहिला असता आणि कोणाला काही कळलं नसतं. तोही सुई धरायचा हात.

दुसऱ्या दिवशी मी काकांचे दोन्ही हात अंगालगत ठेवून कापसात गुंडाळले.

"हात इथे असतील तर एक्स-रेचं यंत्र आत कसं घ्यायचं?" सर्जन म्हणाले.

"टेबल सरकवून."

"वेळ जाईल."

"जाऊ दे."

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. मी आदल्या दिवशीचं सगळं सांगितलं, तेव्हा मात्र स्वतः वाकून काकांच्या कोपराखाली कापसाची आणखी एक घडी सारली. पुढे ते कमरेत गुंतले होते आणि मी थोड्या थोड्या वेळाने टेबलाखाली वाकून डोळे मोकळे आहेत ना ते बघत होते. त्या दिवशी जरा जास्तच वेळा वाकले.

भूल उतरली, काका उताणे झाले. मी बोटं दाखवली. आधी एक डोळा झाकून, मग दुसरा.

"तीन. आणि इकडूनही तीनच. तुम्ही बदलली नाहीत."

"आता माझा हात दाबा. उजव्या हाताने."

त्यांनी हात दाबला नाही. माझ्या हिरव्या गाउनची बाही चिमटीत धरली, डोळे मिटले आणि शिवणीतून सुटलेलं दोऱ्याचं एक टोक अंगठ्याने हळूहळू बोटावर घोळवलं.

"शिवण उसवलीय. दोरा सुती आहे, कापडात भेसळ. टिकणार नाही ती."

मला इतकं बरं वाटलं की बाही सोडवून घ्यायचं सुचलंच नाही.