माझं नाव काढा

वस्तीतली पोरं तिला पाहिलं की आईच्या मागे लपायची. एकतीस वर्षं ती शहराच्या उत्तर टोकाला दारोदार फिरून बाळांना लस टोचत होती, म्हणून तिचं नावच सुईबाई पडलं. निवृत्त झाली तरी कुठल्या गल्लीत किती लेकरं, हे तिला तोंडपाठ होतं.

म्हणूनच नकाशेकाका तिच्या दारात आले. काका निवृत्त आरेखक. आयुष्यभर दुसऱ्यांचे नकाशे गिरवले. शहराची पुढच्या तीस वर्षांची आखणी या वेळी नागरिकांनी सुचवावी, असं पालिकेनं जाहीर केलं होतं आणि काकांनी ते फारच मनावर घेतलं होतं. सुईबाई हसली. म्हणाली, मला टोचायला बाळाचा दंड सापडतो, नकाशातली उत्तर दिशा नाही सापडत.

"लेकरं कुठे वाढतायत तेवढं सांग. दिशा मी बघतो," काका म्हणाले.

मग दोन वर्षं दर रविवारी वाचनालयाच्या माळ्यावर पंधरा-वीस माणसं जमू लागली. बस-वाहक, गवंडी, भूगोलाच्या बाई. कपड्यांच्या चिमट्यांनी नकाशा दोरीला टांगायचा आणि भांडायला बसायचं: पाणी कुठून येणार, बस कुठवर जाणार, पुराला वाट कुठे ठेवायची. सुईबाईचा नवरा कुरकुरायचा, की तीस वर्षांनंतरच्या गावाची हिला काळजी, घरातला नळ मात्र महिनाभर गळतोय. नळ शेवटी त्यानंच दुरुस्त केला.

सुईबाईच्या लसीकरणाच्या वह्यांमधून एक गोष्ट लख्ख दिसली. महामार्गापलीकडे दहा वर्षांत मुलं चौपट झाली होती आणि शाळा एकही नव्हती. सहा-सहा वर्षांची पोरं एकमेकांचे हात धरून आठ पदरी रस्ता ओलांडायची. तिथल्या पडीक सरकारी जागेवर तिनं स्वतःच्या हातानं हिरवा चौकोन काढला. शाळा आणि मैदान. शहराच्या कडेनं असे आणखी तीन काढले.

नकाशा पालिकेला दिला. वर्षभरानं पालिकेचा छापील मसुदा आला. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर ठळक अक्षरं: नागरिकांनी घडवलेला आराखडा. आत नकाशावर वाकलेल्या सुईबाईचा फोटो. पहिल्या पानावर सगळ्यांची नावं, सर्वांत वर काकांचं. तिनं नकाशाचं पान उघडलं. हिरवा चौकोन नव्हता. तिथे व्यापारी संकुल होतं, शेजारी वाहनतळ. बाकीचे तीनही गायब. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सुनावणीला माणशी दोन मिनिटं होती. ती वह्यांची पिशवी घेऊन उभी राहिली. नियोजन अधिकाऱ्यानं मान वर न करता सांगितलं, की त्या भागातून शाळेला मागणी नाही. जवळच्या शाळेत तिकडची मुलं फार थोडी येतात.

"साहेब, रस्ता ओलांडायच्या भीतीनं आया पोरींना घरी ठेवतात. त्याला तुम्ही मागणी नाही म्हणता?"

घंटी वाजली. हरकत नोंदवली, असं म्हणून अधिकाऱ्यानं पुढचं नाव पुकारायला सांगितलं. ती हलली नाही.

"मग माझं नाव काढा. फोटोही काढा. आम्ही मागितलं ते पुसलंत आणि पुसलेल्यावर आमचीच नावं लिहिलीत?"

नावं सन्मानानं छापली आहेत, असं तो म्हणाला. शिपायानं तिला दार दाखवलं.

दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा दारोदार निघाली. माझं नाव वगळावं, एवढ्या एका ओळीचं पत्र. वाहकानं सही केली, गवंड्यानं केली, भूगोलाच्या बाईंनी दोन प्रती मागितल्या. काका तेवढे अडले. शहराच्या नकाशावर आपलं नाव यावं म्हणून त्यांनी चाळीस वर्षं वाट पाहिली होती. पुस्तिका त्यांनी कपाटात कापडात गुंडाळून ठेवली होती. एक दिवस दे, म्हणाले. तिला त्यांचाही राग आला. दुसऱ्या दिवशी काका स्वतः पत्र घेऊन आले. अक्षर नेहमीसारखंच रेखीव होतं.

आराखडा राज्य सरकारकडे मंजुरीला धाडायचा तर नागरिकांचा सहभाग दाखवावा लागे. एकोणीसपैकी एकोणीस नावं गेली आणि फाइल परत आली. पुन्हा सुनावणी लागली. या वेळी घंटी नव्हती. वह्या तीन तास चाळल्या गेल्या.

चारपैकी एक चौकोन परत मिळाला, महामार्गापलीकडचा, तोही अर्धा. शाळा दिली, मैदान वाहनतळाकडेच राहिलं.

आता ती शाळा भरते. मधल्या सुट्टीत मुलं जिन्यावर दाटीवाटीनं बसतात, कारण खेळायला जागाच नाही, आणि कुंपणापलीकडचा वाहनतळ दुपारी निम्मा रिकामा असतो. लोक सुईबाईचं अभिनंदन करतात. तिला ते अजिबात खपत नाही. उरलेल्या तीन ठिकाणची पोरं कुठला रस्ता ओलांडतात ते आधी विचारा, असं ती तोंडावर सांगते.