अथेन्सचा दगड

लेक परवाच ग्रीसहून परतली. म्हणाली, "आई, तिथे साधा पेबल उचलणंसुद्धा अलाउड नाही." आणि मला तापलेल्या प्रोजेक्टरचा, जळक्या धुळीचा वास आला.

ऐंशीच्या दशकात भारतातून परतताना वाटेत अथेन्सला उतरायचं आणि मग मंडळींना जेवायला बोलावून स्लाइड्स दाखवायच्या, ही आम्हा न्यू जर्सीच्या मराठी लोकांची रीतच होती. त्या संध्याकाळी आमच्या भिंतीवर ह्यांचं पांढरं धोतर ताणलं होतं. त्यावर मोडक्या देवळाचे खांब दिसत होते, आणि ह्यांनी तिथून गुपचूप उचललेला मुठीएवढा दगड हातोहात फिरत होता. तो माझ्या हातात आला आणि खळकन खिडकी फुटली.

वीट ह्यांच्या कपाळावर बसली. धोतरावरच्या त्या खांबांवर रक्त उडालं. बाहेरून आरडाओरडा झाला, "गो होम, हिंदू!"

"वहिनी, खाली बसा!" कुलकर्णी ओरडले.

मी बसले नाही. सगळा जीव एकवटून तो दगड फुटक्या काचेतून भिरकावला. अंधारात कुणीतरी किंचाळलं.

तेव्हा पोलीस येतील म्हणून मी आठवडाभर पडदे उघडले नाहीत. ह्यांच्या कपाळावरचा व्रण शेवटपर्यंत गेला नाही. आता मला एवढंच वाटतं, ह्यांनी एकच दगड का आणला?